एफगेट्स, स्कॅनएफ आणि मंडळी: काठावरच्या केसेस लिहून कशा ठेवता?

तिरपागडा | शनिवार, सकाळी ११:२०

मंडळी, प्रश्न जरा तांत्रिक आहे, पण इथे सी ही प्रोग्रामिंगची भाषा कोळून प्यायलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. (फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहितोय. दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.)

आम्ही विजेच्या मीटरमधून आकडे गोळा करणारी पेटी बनवतो. आतला सगळा माल सी. दर जुलैत चार-पाच नवीन पोरं येतात आणि दर जुलैत त्याच त्या खड्ड्यात पडतात. म्हणून गेल्या वर्षी मी बसून १४ पानांचं टिपण लिहिलं, टाइप केलेलं किंवा फाइलमधलं वाचणाऱ्या आणि मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनांचं: गेटचार, एफगेट्स, स्कॅनएफ, एसस्कॅनएफ, स्ट्रटॉल, प्रत्येक फंक्शन काय परत देतं, कधी बिनसतं, बिनसलं तर काय करायचं. मेहनतीचं काम होतं हो. ते कोणीही उघडलेलं नाही, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

झालं असं. पेटी बसवताना जिल्हा आणि तालुका टाइप करावा लागतो. आमच्या नव्या पोराने अगदी पुस्तकी काळजी घेतली होती: २१ बाइटची जागा, स्कॅनएफमध्ये %२०एस (जास्तीत जास्त २० बाइटचा शब्द वाच, शेवटच्या शून्य बाइटला एक राखीव). चाचणीला नाशिक टाकलं, जळगाव टाकलं, सगळं सुरळीत. मग प्रत्यक्ष जागेवर कोणीतरी "कोल्हापूर" टाकलं. स्क्रीनवर जिल्हा आला "कोल्हा", पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. तालुका विचारलाच नाही, तिथे आपोआप काहीतरी चिन्ह आणि शेपटीला "ूर".

हिशेब सोपा आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजायचे. कोल्हापूर म्हणजे क, ो, ल, ्, ह, ा, प, ू, र. नऊ चिन्हं, २७ बाइट. विसात सहा चिन्हं पूर्ण बसली, "प"चे दोन बाइट आत आले, तिसरा बाहेर. उरलेले ७ बाइट दाराशी थांबले होते, ते तालुक्याच्या स्कॅनएफने उचलले. नाशिक आणि जळगाव १५-१५ बाइटचे, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही.

हे सगळं माझ्या टिपणात आहे! पान ९, स्कॅनएफ, उपविभाग चार. पोरगा म्हणाला, "सर, मला कसं कळणार की मला स्कॅनएफचा उपविभाग चार वाचायचाय?" मी गप्प झालो.

तर प्रश्न: अशा काठावरच्या केसेस तुम्ही कशा लिहून ठेवता? फंक्शनवार? तक्ता? चुकीवार? का लिहीतच नाही आणि दर जुलैत ओरडता?

---

सेगफॉल्ट_सदाशिव | ११:४१

शेवटचा पर्याय. ओरडायला टिपण लागत नाही आणि ते अपडेटही करावं लागत नाही.

बाकी कोल्हापूरचा कोल्हा केल्याबद्दल तुमच्या पोराला तांबड्या रश्श्याची शिक्षा द्या.

---

कॉफीकप | ११:५८

२० बाइटची मारामारी अजून चालू आहे? पायथन घ्या, इनपुट लिहा, विषय संपला.

---

तिरपागडा | दुपारी १२:०५

@कॉफीकप, पेटीत एकूण मेमरी ६४ केबी आहे. पायथनला तिथे पाय पसरायला जागा नाही.

---

ललिता_लॅब | १२:३०

तिरपागडा, तुमच्या पोराने जे विचारलं तेच उत्तर आहे.

मी डिप्लोमाच्या मुलांना १९ वर्षं सी शिकवते आहे. सुरुवातीला मीही फंक्शनवार नोट्स काढायचे. मग लक्षात आलं, मूल माझ्याकडे येऊन कधीच असं म्हणत नाही की "मॅडम, स्कॅनएफ न्यूलाइन (एंटरचं अक्षर) मागे ठेवतंय." ते म्हणतं, "मॅडम, ते नाव विचारतच नाही. वय विचारतं आणि डायरेक्ट संपतं."

म्हणून माझ्याकडे एक वही आहे, २०० पानी. तिच्यात डाव्या पानावर मुलाचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच भाषेत. खाली त्याने नेमकं काय टाइप केलं ते, एंटरसकट. उजव्या पानावर कारण आणि उपाय. थोडे नमुने:

"एंटर दोनदा दाबावं लागतंय." याने %डी (आकडा वाचणारा) च्या पुढे फॉरमॅटमध्ये स्लॅश-एन, म्हणजे न्यूलाइन, लिहिला. स्कॅनएफच्या फॉरमॅटमधली कुठलीही मोकळी जागा म्हणजे "पुढचं मोकळं नसलेलं अक्षर येईपर्यंत खात राहा". त्यामुळे ते बसतं वाट बघत.

"नाव विचारतच नाही." %डी ने आकडा उचलला, एंटर तिथेच राहिला, मागून आलेल्या %सी (एकच अक्षर वाचणारा) ने तो एंटर म्हणजेच उत्तर समजून घेतला. %सी च्या आधी एक स्पेस द्या. %डी आणि %एस पुढची मोकळी जागा स्वतःहून ओलांडतात, %सी आणि चौकटी कंस (ठरावीक अक्षरंच घेणारा) ओलांडत नाहीत.

"शेवटचा मुलगा दोनदा येतो." हे हमखास. हजेरीची फाइल वाचताना "एफईओएफ नाही तोवर फिरत राहा" असं लूप. एफईओएफ म्हणजे फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन. ते भविष्य सांगत नाही, घडून गेलेलं सांगतं. शेवटची ओळ वाचून झाली तरी ते शून्यच असतं. पुढचं एफगेट्स हात हलवत परत येतं, बफरमध्ये (वाचलेलं ठेवायच्या जागेत) जुनंच नाव बसलेलं असतं, तेच पुन्हा छापलं जातं.

यात एक गंमत आहे. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ही चूक दिसतच नाही, कारण ती ओळ वाचतानाच फाइलचा शेवट लागतो. त्यामुळे शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचा प्रोग्राम अक्षर न् अक्षर सारखा (कॉपीच असते), एकाचा बरोबर चालतो, एकाचा नाही. आणि मग दोघांचं भांडण.

---

तिरपागडा | १२:४४

ललिताताई, दंडवत. ही वही छापा हो.

---

बंड्या२०३ | १२:५२

मॅडम, मी तुमचा विद्यार्थी नाही पण माझं वाक्य पण घ्या वहीत: "चुकून अक्षर टाकलं तर स्क्रीन पळत सुटते." आकडा विचारणारं लूप आहे, मी एबीसी टाकलं, तर "आकडा टाका आकडा टाका" हजार वेळा. कीबोर्डकडून आलेलं उरलंसुरलं साफ व्हावं म्हणून एफफ्लश स्टडइन करून बघितलं, मित्राकडे चालतं, माझ्याकडे नाही.

---

निवृत्तनाना | १:१५

बंड्या, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली. %डी ला 'ए' दिसलं की ते म्हणतं हे माझं नव्हे, आणि ते अक्षर जागेवर ठेवून शून्य परत देतं. तू परत आलेली किंमत बघितली नाहीस, लूप पुन्हा फिरलं, तेच 'ए' पुन्हा समोर. नवं काही टाइप करायची वेळच येत नाही. शून्य परत आलं म्हणजे "आलं होतं पण जुळलं नाही", ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) परत आलं म्हणजे "काही आलंच नाही". या दोन्हीला एकच वागणूक देऊ नकोस. शून्यावर ओळ संपेपर्यंतची अक्षरं गेटचारने खाऊन टाक, ईओएफवर लूप सोडून बाहेर पड. ईओएफवर पुन्हा फिरलास तर स्क्रीन तशीच पळणार.

दुसरी, एफफ्लश स्टडइन. मानकात (सी भाषेच्या अधिकृत नियमांत) एफफ्लश फक्त बाहेर जाणाऱ्या प्रवाहासाठी सांगितलेलं आहे. आत येणाऱ्या प्रवाहावर वापरलं तर काय होईल ते मानक सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीत ते इनपुट साफ करायचं, म्हणून पिढ्यान् पिढ्या हे उतरत आलं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून तिथेही ते बंद झालं. लिनक्सच्या टर्मिनलवर त्याने टाइप केलेलं पुसलं जात नाही. पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाने) एफफ्लशला इनपुटसाठी अर्थ दिलाय, पण तो मागे-पुढे सरकता येणाऱ्या फाइलींपुरता, आणि तो वेगळाच. तुझ्या मित्राचा कंपायलर बहुधा जुना असणार.

म्हणून तिरपागडा, माझी सूचना: टिपणात प्रत्येक नोंदीला दोन ओळी ठेवा. "मानक काय म्हणतं" आणि "आमच्या मशीनवर काय होतं". या दोन्हीची गल्लत झाली की टिपण नसलेलं बरं. आणि शहराच्या नावाला २१ बाइट कसले देताय, ५० द्या. ५० पुरे.

---

ललिता_लॅब | १:२८

नाना, दुसऱ्या सूचनेला अनुमोदन, पण दोन ओळी उजव्या पानावर. डावं पान मुलाचं. मूल मानक शोधत येत नाही.

---

निवृत्तनाना | १:३३

मूल मानक शोधत येत नाही म्हणूनच ही वेळ आली आहे, बाई.

---

सेगफॉल्ट_सदाशिव | १:३५

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

मांडवीकाठ | १:५०

एक केस माझ्याकडूनही. पाच वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी फोन नंबरांची यादी वाचणारा प्रोग्राम होता. कोणीतरी %डी च्या जागी %आय लिहिलं, "आय म्हणजे इंटिजरच ना" म्हणून. प्रिंटएफमध्ये दोन्ही सारखेच, हे खरं. स्कॅनएफमध्ये मात्र %आय आकड्याचा चेहरा बघून पाया ठरवतं: सुरुवातीला शून्य दिसलं की ते आठच्या पायात मोजायला लागतं. एसटीडी कोडची सुरुवातच शून्याने!

---

सेगफॉल्ट_सदाशिव | १:५८

थांबा थांबा. म्हणजे पुण्याचा ०२० झाला १६ आणि मुंबईचा ०२२ झाला १८? आम्ही अष्टमानातही मुंबईच्या मागेच?

---

ललिता_लॅब | २:०४

कोल्हापूर ०२३१ म्हणजे १५३. नागपूर ०७१२ म्हणजे ४५८. उद्याच्या प्रॅक्टिकलला हाच प्रश्न.

लातूर बघा, ०२३८२. आठच्या पायात ८ हा अंकच नाही, म्हणून ०२३ पाशी थांबणार: १९. उरलेला ८२ पुढच्या %आय च्या वाट्याला.

---

मांडवीकाठ | २:११

आता गोव्याचा करा. ०८३२.

---

ललिता_लॅब | २:१३

शून्य वाचलं, पुढे ८ आला, थांबलं. गोवा = ०. परत आलेली किंमत मात्र १, म्हणजे "यशस्वी".

---

मांडवीकाठ | २:१५

तेच तर. किंमत तपासूनही काही कळत नाही. उरलेला ८३२ पुढच्या खान्यात जाऊन बसला आणि तिथून सगळी यादी एक घर सरकली. आमचं सगळं सुशेगाद असतं, गोवा पोचतो, पण पुढच्या खान्यात.

---

कॉफीकप | २:२०

हे वाचून मला पायथनबद्दल अजूनच प्रेम वाटायला लागलंय. ह. घ्या. (हलके घ्या)

---

अनु_म्युनिक | दुपारी ४:०२

इकडे आत्ता सकाळची न्याहारी चालू आहे आणि धागा एवढा पळाला!

गेटचारबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. गेटचार (एक अक्षर वाचणारं) कॅर, म्हणजे एका अक्षरापुरती किंमत, परत देत नाही, इंट, म्हणजे पूर्णांक, देतं. ० ते २५५ पैकी काहीही आणि वर एक ईओएफ, म्हणजे बहुतेक ठिकाणी उणे एक. एवढ्या किमती एका बाइटमध्ये मावणारच नाहीत. तरी लोक कॅरमध्ये ठेवतात. मग दोनपैकी एक होतं. कॅर चिन्हासहित, म्हणजे उणे किमतीही घेणारं, असेल (आपले नेहमीचे इंटेलवाले संगणक) तर फाइलमधला २५५ किमतीचा खरा बाइट ईओएफसारखा दिसतो आणि वाचन अर्ध्यात थांबतं. कॅर चिन्हाविना असेल (एआरएमवरचं लिनक्स) तर ईओएफ कधी जुळतच नाही आणि लूप संपत नाही. एकच ओळ, दोन मशीन, दोन उलट्या तक्रारी. म्हणून ललिताताईंची तक्रारवार मांडणी मला थोडी खटकते: "फाइल अर्धीच वाचली" आणि "प्रोग्राम संपतच नाही" या दोन डाव्या पानांचं उजवं पान एकच आहे.

त्याचंच भावंड: इझस्पेस (मोकळी जागा आहे का बघणारं), टूअप्पर (कॅपिटल अक्षर करणारं) वगैरेंना सरळ कॅर देणं. त्यांना ० ते २५५ किंवा ईओएफ एवढंच चालतं. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर, म्हणजे चिन्हासहित कॅरमध्ये उणे. उणे आकडा दिला की वागणूक अनिश्चित. इथे जर्मन ü ने हाच मार खाल्लेला मी बघितला आहे.

आणि नानांसाठी खास खाऊ: काही डीएसपी (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या) चिपवर (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सी२०००) कॅरच १६ बिटचं असतं आणि इंटही तेवढंच. तिथे ईओएफ आणि खरं अक्षर यांत फरक करायला जागाच नाही. एफईओएफ आणि एफएरर (वाचताना चूक झाली का ते सांगणारं) दोन्ही विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

---

निवृत्तनाना | ४:२०

खाऊ पोचला. :)

मी पण एक देतो. मानकातच एफस्कॅनएफचं एक उदाहरण आहे, त्यात इनपुटची एक ओळ आहे "१०० अर्ग्ज ऑफ एनर्जी", १०० आणि अर्ग्ज रोमनमध्ये चिकटून. %एफ (दशांश आकडा वाचणारा) ने ते वाचायला घेतलं की १०० नंतरचं 'ई' त्याला घातांकाची सुरुवात वाटते. ते गिळतं, पुढे 'आर' दिसतं, पण आता मागे फिरता येत नाही कारण एकच अक्षर परत ठेवायची मुभा. निकाल: जुळलं नाही, शून्य. तीच ओळ स्ट्रटॉडला (मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फंक्शनला) द्या, ते १०० देतं, कारण त्याच्यासमोर अख्खी ओळ असते.

---

सदू_सोलापुरी | ४:३१

नाना ह्ये लई भारी. म्हंजे सातबाऱ्याच्या प्रोग्रामात शेतकऱ्यानं रोमनमध्ये "५गुंठे" चिकटून लिवलं तर ५ येनार, आन "५एकर" लिवलं तर काईच न्हाई?

---

निवृत्तनाना | ४:३४

मानकाप्रमाणे, होय. गुंठ्याला 'जी' असल्यामुळे तो वाचला, एकराला 'ई' नडला. ग्लिबसीसारख्या (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) लायब्रऱ्यांनी मात्र अशा जागी गुपचूप आकडा घेतलेला आहे. म्हणून म्हणतो दोन ओळी ठेवा.

---

सदू_सोलापुरी | ४:३६

पाच एकर गेले की राव माझे.

---

गेमर_गण्या | संध्याकाळी ६:१०

एसस्कॅनएफवाल्यांनी (स्कॅनएफच, पण मेमरीतला मजकूर वाचणारं) जीटीए ऑनलाइनचा किस्सा विसरू नये. गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची, लोक चहा करून यायचे. २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रामरने खोदून काढलं: साधारण १० एमबीची जेसन (माहिती मजकुरात मांडायचा एक साचा) फाइल, ६३ हजार नोंदी, आणि प्रत्येक तुकडा एसस्कॅनएफने वाचलेला. बऱ्याच लायब्रऱ्यांत एसस्कॅनएफ आधी अख्ख्या उरलेल्या मजकुराची लांबी मोजतं, मग कामाला लागतं. म्हणजे एक आकडा उचलायला दर वेळी १० एमबी चालत जायचं. त्याने हे आणि अजून एक कारण दुरुस्त केलं, तर लोड व्हायचा वेळ सुमारे ७० टक्के कमी झाला. गेमची कंपनी रॉकस्टारने मान्य करून त्याला १० हजार डॉलर दिले.

यात उत्तर चुकत नाही, फक्त वेळ जातो. अशी केस कुठल्या पानावर लिहिणार ताई?

---

ललिता_लॅब | ६:२५

डावं पान: "मॅडम, चालतंय पण लई वेळ लागतोय." आहे, पान ८७. :)

अनु, तुझा मुद्दा मान्य. माझ्या वहीत "पान ३१ बघ" असे बाण पुष्कळ आहेत. दोन तक्रारींना एक कारण चालतं. एका कारणाखाली पुरलेल्या दोन तक्रारी मात्र सापडत नाहीत.

---

कॉफीकप | ६:४०

बरं, भांडत नाही, खरंच विचारतो. गेट्स नावाचं फंक्शन आमच्या कॉलेजात सर्रास वापरायचो. ते आता का नाही?

---

निवृत्तनाना | ७:०५

कारण त्याला जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. ओळ येईल तेवढी ओततं.

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिसचा किडा (स्वतःच पसरणारा प्रोग्राम) इंटरनेटवर सुटला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक फिंगर सेवेची (मशीनवर कोण काम करतंय ते सांगणारी): तिथे ५१२ बाइटच्या जागेत गेट्सने ओळ वाचली जायची, किड्याने ५३६ बाइट पाठवले. वरच्या २४ बाइटांनी व्हॅक्स मशीनवर काम साधलं. तरीही १९८९ च्या मानकात गेट्स होतं, १९९९ च्या मानकातही होतं. निघालं ते २०११ च्या मानकात. किड्यानंतर २३ वर्षांनी.

लिनक्सच्या मॅन पेजवर (सोबत येणाऱ्या माहितीपानावर) त्याबद्दल जे लिहिलंय त्याचा मथितार्थ "हे कधीही वापरू नका" एवढाच. माझ्या मते काठावरची केस लिहून ठेवायचा याहून चांगला नमुना नाही.

आणि रुंदी न दिलेला %एस म्हणजे वेष बदललेलं गेट्सच. ते अजून मानकात आहे.

---

सेगफॉल्ट_सदाशिव | ७:११

याला मराठीत "काठावरची केस" नका म्हणू. ५१२ च्या जागेत ५३६ म्हणजे सरळ कडेलोट.

---

तिरपागडा | ७:१५

"कडेलोट केसेस". टिपणाचं नाव ठरलं!

एफगेट्सच्या माझ्या दोन कडेलोटी सांगतो. सगळे म्हणतात एफगेट्स सुरक्षित. आहे, पण ते न्यूलाइन सोबत आणतं, आणि ती उडवायला लोक "लांबी वजा एक"च्या जागी शून्य ठेवतात. आमच्याकडे मीटरच्या फाइलमधली शेवटची ओळ होती २३०, व्होल्टेज. त्या ओळीनंतर न्यूलाइन नव्हती. उडालं ते शेवटचं शून्य. २३ व्होल्ट! दोन दिवस लोक वायरिंग तपासत होते.

दुसरी याहून वाईट. पेटी चालू होताना सीरियल लाइनवर एक-दोन शून्य बाइट कचरा म्हणून यायचे. ओळीची सुरुवातच शून्य बाइटने, म्हणजे लांबी शून्य, वजा एक केलं की बफरच्या आधीच्या जागेवर लिखाण. तिथे शेजारचा व्हेरिएबल राहत होता, त्याची किंमत अधूनमधून बदलायची. आता आम्ही स्ट्रसीस्पॅनने न्यूलाइनची जागा शोधून तिथे शून्य ठेवतो. न्यूलाइन नसली तरी काही बिघडत नाही.

---

बंड्या२०३ | ७:३०

मग आकड्यासाठी एफगेट्स आणि नंतर एटॉय (मजकुराचा आकडा करणारं), बरोबर ना?

---

अनु_म्युनिक | ७:४२

एटॉय नको. "० टाकलं" आणि "कचरा टाकला" यांत त्याला फरक सांगता येत नाही, आणि आकडा फार मोठा असला तर वागणूक अनिश्चित. (%डी ची पण तीच कथा.) स्ट्रटॉल घे. आधी एररनो (झालेली चूक जिथे नोंदली जाते तो व्हेरिएबल) शून्य कर. परत आल्यावर शेवटचा पॉइंटर सुरुवातीपाशीच असेल तर आकडाच नव्हता. एररनोमध्ये ईरेंज असेल तर आकडा मावला नाही. पॉइंटरच्या पुढे मोकळ्या जागेशिवाय काही उरलं असेल तर "१२अबक" प्रकार. मग इंटमध्ये मावतो का ते स्वतः बघ, कारण लाँग ६४-बिट लिनक्सवर ६४ बिट आणि विंडोजवर ३२.

स्ट्रटॉलचा भाऊ स्ट्रटॉउल मात्र अवली आहे. त्याला "-१" दिलं तर तक्रार न करता सगळ्यात मोठा आकडा परत देतो. ईरेंज नाही, काही नाही.

---

ललिता_लॅब | ८:००

अवांतर: टर्बो सी (जुना कंपायलर) मध्ये स्ट्रक्चरच्या अ‍ॅरेत फ्लोट वाचताना "फ्लोटिंग पॉइंट फॉर्मॅट्स नॉट लिंक्ड" येऊन प्रोग्राम मरायचा, आठवतंय का कोणाला? उपाय म्हणून एका फ्लोटचा पत्ता घेणारं, कोणीही न बोलावणारं फंक्शन तळाला लिहायचो. मुलं विचारायची हे कशाला. मी सांगायचे, "नैवेद्य."

---

मांडवीकाठ | ८:०९

आमच्या सरांनी सांगितलेलं "दृष्ट लागू नये म्हणून". :D

---

निवृत्तनाना | ८:३०

टर्मिनलवरचा कंट्रोल-डी राहिला. लोक समजतात ते ईओएफ नावाचं अक्षर आहे. तसं काही अक्षर नाही. लिनक्सवर कंट्रोल-डी म्हणजे "आतापर्यंत टाइप केलेलं आहे तसं पुढे पाठव". ओळीच्या सुरुवातीला दाबलं तर पाठवायला काहीच नसतं, वाचणाऱ्याला शून्य बाइट मिळतात, त्याला तो शेवट समजतो. ओळीच्या मध्ये दाबलं तर तेवढी अक्षरं जातात आणि शेवटासाठी दुसऱ्यांदा दाबावं लागतं. शिवाय ग्लिबसी २.२८ पासून (२०१८) एकदा शेवट लागला की तो चिकटून राहतो, क्लिअरएरर (ही खूण पुसणारं फंक्शन) केल्याशिवाय पुढचं गेटचार वाट बघत नाही. जुन्या ग्लिबसीवर ते वाट बघायचं. त्यामुळे "आधी चालत होतं" ही तक्रारही खरी असू शकते.

विंडोजचा कंट्रोल-झेड मात्र खरंच एक बाइट आहे, २६ किमतीचा. सीपी/एम (जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) फाइलची लांबी १२८ बाइटच्या पटीतच ठेवायचं, म्हणून मजकूर कुठे संपला ते दाखवायला हा बाइट. टेक्स्ट मोडमध्ये उघडलेल्या फाइलच्या मध्येच तो आला तर विंडोजवर वाचन अजूनही तिथेच थांबतं.

---

तिरपागडा | रात्री ९:५०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बसून एक नोंद ललिताताईंच्या पद्धतीने, नानांच्या दोन ओळी घालून लिहिली. बघा:

*तक्रार: "जिल्हा अर्धा आला आणि तालुका विचारलाच नाही."*
*टाइप केलं: कोल्हापूर, एंटर.*
*कारण: %२०एस मधले २० म्हणजे बाइट, अक्षरं नव्हेत. उरलेलं पुढच्या वाचनात जातं.*
*मानक: रुंदी बाइटमध्येच मोजायची. तोडताना अक्षर अर्धं होईल याची जबाबदारी आपली.*
*आमच्या पेटीवर: तसंच. काही सूचना येत नाही.*
*करायचं: एफगेट्स, मोठी जागा. ओळीत न्यूलाइन आली का ते बघ. नसेल आली तर उरलेली ओळ खाऊन टाक आणि "नाव फार लांब" म्हण.*
*तपासायला टाक: नाशिक (१५), सोलापूर (२१), कोल्हापूर (२७).*

अशा १६ नोंदी झाल्यात. १४ पानांचं टिपण शेवटी जोडतो, अनुसाठी.

---

अनु_म्युनिक | ९:५८

पुरलं गेलेलं माझं प्रेमाने ठेवलंत, धन्यवाद. :)

---

बंड्या२०३ | रात्री ११:१६

दादा, मी घरी करून बघितलं. एफगेट्स, जागा ५०, नाना म्हणाले तेवढी. "उरलेली ओळ खा" वालं अजून लिहिलं नाही, म्हटलं ५० पुरे आहेत. कोल्हापूर नीट आलं. मग आमचं गाव टाकलं, छत्रपती संभाजीनगर. जिल्हा पूर्ण आला, एकही अक्षर तुटलं नाही. पण तालुका विचारलाच नाही, रिकामा आला. यात तर काहीच उरलं नव्हतं ना?

---

ललिता_लॅब | ११:२४

छत्रपती २१, स्पेस १, संभाजीनगर २७. एकूण ४९. शेवटचा शून्य धरून ५०. नाव अगदी काठोकाठ बसलं बंड्या, उरला तो फक्त एंटर. तो तालुक्याला गेला.

---

तिरपागडा | ११:२६

नोंद क्रमांक १७. शप्पथ सांगतो, हे मला मुद्दाम शोधूनही सापडलं नसतं.

नाना?

---

निवृत्तनाना | ११:४०

५१.

(माझ्या नातवाला हा धागा दाखवू नका.)